मशीनला बांधलेला धागा

बॅटरी लावताना चाचांच्याच अंगठ्यानं स्विच ढकलला गेला आणि त्यांचा हात निकामी झाला, असं आमच्या कडा गावात सगळे मानतात. चाचासुद्धा मानतात. ते खरं नाही. स्विच माझ्या हातून चालू राहिला होता. हे मी आजवर कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही.

चाचा माझे भागीदार. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. रस्त्याकडेला आमचं वेल्डिंगचं दुकान होतं. साखर कारखाना सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती निघायची. ट्रॉली उभी कुठंतरी वस्तीवर, तिथं लाइटीचा भरवसा नाही, म्हणून आम्ही लोखंड घासायचा, बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेतला. स्वस्तातला. चांगल्या मशीनमध्ये स्विच चालू असताना बॅटरी बसवली तर चाक फिरत नाही. आमच्या मशीनमध्ये ती सोय नव्हती, आणि ते आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

म्हणून चाचांची शिस्त कडक. चाक बदलायचं तर आधी बॅटरी काढून खिशात. बॅटरी लावायची तर आधी अंगठ्यानं स्विच मागं, म्हणजे बंद बाजूला, ओढून बघायचा. दिवसातनं वीसदा लावली तर वीसदा. मी चिडवायचो, "चाचा, एक वेळ नमाज चुकंल तुमची, पर ह्ये चुकायचं न्हाई."

"नमाज मागनं पढता येती, शेठ. बोट मागनं न्हाई येत."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. त्या वर्षीही मी सगळी मांडली. ती बॅटरीची मशीन फडक्यानं पुसली, तेव्हाच स्विच पुढं सरकून अडकला असणार. बॅटरी चार्जिंगला होती, त्यामुळं काही कळायचं कारण नव्हतं. वरून मी लाल धाग्याचे सात-आठ वेढे दिले, गच्च, स्विचवरूनच, आणि त्यात झेंडूचं फूल खोचलं. हळदीकुंकू वाहिलं. चाचा दरवर्षीसारखे बाजूला उभे राहिले आणि त्यांनी प्रसादाचा पेढा खाल्ला.

दसरा झाल्यावर सकाळी दुकान उघडलं. आम्ही दोघंच होतो. चाचांनी मशीन उचलली.

"शेठ, मशीनची नवरी केली की तुमी. ट्रॉलीसंगं लगीन लावायचं का काय?"

मी हसलो. त्यांचा अंगठा सवयीनं स्विचकडं गेला आणि धाग्यावर थांबला.

"ह्यो सोडू का? खाली स्विच हाय."

"राहू द्या ओ. पूजेचा हाय. दोन दिस तरी राहू द्या. बंदच हाय त्यो."

मी बघितलं नव्हतं. तरी बंदच हाय म्हणालो. चाचांनी धाग्यावरचा अंगठा काढला. माझ्या पूजेचा मान ठेवला त्यांनी.

बॅटरी बसली आणि चाक फिरलं. मशीन हातातून उसळली, ती पकडायला त्यांनी डावा हात घातला. अंगठ्याच्या मुळापासून तळवा उभा फाटला. मी बॅटरी ओढून काढली, हाताला गमछा आवळला. शेजारचा टपरीवाला जीप आणायला पळाला. चाचा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते.

तेवढ्या वेळात मी काय केलं, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी ब्लेडनं धागा कापला. स्विच मागं ओढला. तो पुढंच होता. धागा खिशात घातला आणि मग चाचांना उठवायला गेलो.

नगरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "धाग्याखाली चालूच होता का त्यो?"

"न्हाई, चाचा. धागा ढिला होता. बॅटरी सरकवताना तुमचाच अंगठा लागला असंल."

त्यांनी पट्टीकडं बघितलं. मग म्हणाले, "असंल." मी 'राहू द्या' म्हणालो होतो, हे त्यांनी तेव्हा काढलं नाही आणि नंतरही कधी काढलं नाही. आठवतं की नाही, ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

शिरा तुटल्या होत्या. अंगठा राहिला, पण पकड गेली. आता ते मुलाच्या फळांच्या गाड्यावर बसतात. वेल्डिंगवाले तिथं थांबले की सांगतात, "बॅटरी लावताना अंगठा आवरा रे. मला माझाच नडला." मागच्या आठवड्यात मी सीताफळं घेत उभा होतो. एक जण म्हणाला, "चाचा, जलमभर दुसऱ्याला शिकवलं आन् सोताच फसलात व्हय?"

"वय झालं रे," चाचा म्हणाले. सगळे हसले. तेही हसले. हात त्यांनी सदऱ्याखाली घेतला. मी पिशवी उचलून घरी आलो.

त्यांची पकड मी परत देऊ शकत नाही. पण जो माणूस आयुष्यात कधी चुकला नाही, तो स्वतःला गाफील समजत बसलाय, आणि तसं त्याला मी समजायला लावलं. स्विच मी बांधला होता, त्यांचा अंगठा चुकला नव्हता. हे मला त्यांना सांगायचं आहे, एकट्याला गाठून नाही, त्याच गाड्यापाशी, ते हसणारे उभे असताना. एवढं त्यांचं देणं माझ्यावर आहे. मी ते अजून दिलेलं नाही.