दगड होता तसाच ठेवणारे ढोके सर

ढोके सरांची माझी पहिली ओळख झाली ती सौंसरच्या कॉलेजात नव्हे, गावाबाहेरच्या नाल्यात. प्राणिशास्त्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी आम्हाला पाण्यात उभे केले आणि एक दगड उलटून दाखवला. खालच्या अंगाला वाळूच्या कणांची, पानांच्या तुकड्यांची बारीक नळकांडी चिकटली होती. एकातून डोके बाहेर आले आणि मी किंचाळले. पाण्यातल्या अळ्यांची ती घरे होती. सरांनी दगड त्याच जागी, त्याच अंगावर परत ठेवला. म्हणाले, "लोकाच्या घरी जाऊन दार उघडं टाकून येते काय कोणी?" ज्याने दगड उलटा ठेवला, त्याला सर अर्ध्या वाटेवरून परत पाठवत.

मला कावीळ झाली तेव्हा सर बसने लोधीखेड्याला आमच्या घरी आले. येताना संत्री आणली नाहीत, ती आमच्याच बागेत होती. माझी राहिलेली प्रॅक्टिकले बरण्यांत भरून आणली. आईला हसावे की रडावे कळेना.

पुढे मीही त्याच कॉलेजात शिकवू लागले. एका वर्षी नाल्याच्या वरच्या जंगलात तोड झाली, काठची झाडेही गेली. त्या हिवाळ्यात आम्ही दोघे गेलो. भर दुपार होती. पाणी वाहत होते, पण वर एक चतुर भिरभिरत नाही, पाखराचा आवाज नाही. कधी ऊन न पाहिलेला तळ उघडा पडला होता. दगड उलटला, घरे जागच्या जागी होती. सरांनी काडीने एकेक हलवून पाहिले.

"कोणी नाही," सर म्हणाले.

प्रत्येक दगडाखाली तेच. सावली गेली, पाणी तापले, वरून माती आली, खायला पाने पडेनात. हे सगळे मी वर्गात शिकवत होते, तरी मी पुढचा दगड उलटत राहिले. सर मात्र एकेक दगड होता तसा ठेवत होते.

"सर, आता कोणासाठी?"

"परत आले तं दार ओळखीचं पाह्यजे, पोरी."

निवृत्तीनंतर सरांनी काठावर जांभूळ, करंज, उंबर लावले आणि बकऱ्यांशी भांडून जगवले. मास्तरांना नाल्याने झपाटले, असे गावात उघड बोलत. सरांवरच्या या गौरवग्रंथाची परवानगी मागायला आम्ही जुने विद्यार्थी गेलो, तर सर भडकले. "मेलेल्या नाल्याच्या काठी मले हार घालून राहिले काय? आधी दगड पाहू."

गेल्या महिन्यात सर आणि मी नाल्यावर गेलो. पाण्यावर जांभळांची सावली होती. सर माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले. पहिले काही दगड रिकामे निघाले. मग एकाखाली एकच घर दिसले. सरांनी वाकून, दारात उभे राहून विचारावे तसे हळूच विचारले, "हाय काय कोणी?"

घर हलले. एक डोके बाहेर आले, थांबले आणि आत गेले.

सरांनी दगड होता तसा ठेवला, काठावर येऊन हात पुसले आणि म्हणाले, "छापा आता."

सरांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत. अजून पुष्कळ दगड उलटायचे आहेत, आणि ते परत ठेवायला सरच हवेत.