माझा निपाणीतला पायगुण

चहा आधी संपवून घ्या. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट माझा भिजला. तर माझ्यासारखा हुशार माणूस ठरवून बसला तर केवढा गाढवपणा करू शकतो, त्याची ही हकीकत.

मी बेळगावचा, राहायला खासबागला. एका बेकरीत कामाला आहे. पाव भाजत नाही हो, कॉम्प्युटर बघतो! बेकरीचं ऑफिस बेळगावातच, कॅम्पात, आणि भट्ट्या निपाणीला. दुकानदारांनी दुपारी मोबाइलवर ऑर्डर टाकायची, ती ऑफिसात येणार, आणि तिथून निपाणीच्या कारखान्यात आपोआप छापून निघणार. ही सगळी जोडणी मी केली. एकट्यानं! बाहेरच्या एका कंपनीनं त्याला दोन महिने मागितले होते. मी आठ दिवसांत उरकली.

जोडणी म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. मध्ये एक क्यू सर्व्हर असतो. ती एक पत्रपेटी समजा. बेळगावचं सॉफ्टवेअर तिच्यात चिठ्ठ्या टाकतं, निपाणीचं उचलतं. एकानं उचललेली चिठ्ठी दुसऱ्याला मिळत नाही. दोन्हीकडे पेटीचा पत्ता, नंबर, नाव, पासवर्ड सगळं अचूक भरावं लागतं. एक टिंब चुकलं की बसा बोंबलत! माझं एक टिंबही चुकलं नव्हतं, हे तुम्ही लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवशी निपाणीच्या प्रिंटरमधून कागद सरकला आणि पॅकिंगमधला बसप्पा ओरडला, "बंतु! बंतु!" म्हणजे आलं, आलं! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. निम्म्या ऑर्डरी गायब! एका दुकानाला पाव मिळतोय, शेजारच्याला नाही. स्टँडजवळचा मिसळवाला तर गिऱ्हाइकांना मिसळीबरोबर चपात्या वाढत होता, आणि वाढता वाढता आमच्या बेकरीचा उद्धार करत होता.

आमच्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी मला बोलावलं.

"संजय, तुझ्या जोडणीत काय घोळ हाय काय रं?"

मी छाती काढून सांगितलं, "आप्पा, बेळगावातून प्रत्येक ऑर्डर गेलीय. पेटीत एक चिठ्ठी शिल्लक नाही. म्हणजे सगळ्या उचलल्या गेल्यात. पुढं त्यांचं काय झालं ते निपाणीला विचारा."

निपाणीला म्हणजे कुणाला? सुशीलाआक्कांना. वीस वर्षं पॅकिंग त्यांच्या हातात. कुठल्या दुकानाला किती लाद्या, त्यांना तोंडपाठ. आप्पांनी फोनवर त्यांना नको नको ते ऐकवलं, आणि महिनाअखेरीपर्यंत सुधारलं नाही तर पॅकिंगला दुसरा माणूस बघतो म्हणाले.

"कागद आला तर पाव भरणार की वो!" आक्का फोनवर मला म्हणाल्या. "वीस वर्सांत एक लादी हिकडची तिकडं झाली न्हाय माझ्या हातनं. आता चोर ठरवाय लागलेत मला."

मी काय म्हणालो असेन? "आक्का, काळजी करू नका. मी येऊन बघतो." काय तो माझा मोठेपणा!

निपाणीला गेलो. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, रुबाबासाठी. काम तिथल्याच कॉम्प्युटरवर करायचं होतं. दिवसभर बघत बसलो. एकूण एक ऑर्डर आली! मी काहीही केलं नव्हतं. तरी दोन-चार बटणं दाबली आणि "आता झालं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा घरून काम करायला बसलो, तर निपाणीत पुन्हा निम्म्याच. पुन्हा गेलो, सगळ्या आल्या. तिसऱ्यांदा तेच. मग बसप्पाच म्हणाला, "साहेबांचा पायगुण लई भारी हाय बघा!"

पायगुण! शिकलेला माणूस मी, हसून सोडून द्यायला हवं होतं. पण खरं सांगू? आवडलं मला. तिसऱ्या खेपेला तर आप्पांनी कारखान्यातच माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी मान खाली घालून, जमेल तेवढा नम्र चेहरा करून उभा राहिलो. टाळ्या वाजवणाऱ्यांत आक्काही होत्या. त्यांचं पद जायला आठ दिवस उरले होते, आणि त्या माझ्यासाठी टाळ्या वाजवत होत्या.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढा पायगुण आहे, तर तुम्ही घरात पाऊल टाकलं की नळाचं पाणी का जातं हो?"

मी दुर्लक्ष केलं. थोरामोठ्यांना घरात किंमत नसतेच.

त्यानंतर दोनच दिवसांनी आक्कांचा फोन आला. मी घरीच होतो.

"साहेब, आज दुपारी तुमच्याकडं काय झालतं?"

"काही नाही. खासबागची लाईट गेलती. वायफाय बंद, मी झोपलो. का हो?"

"हितं सगळ्या ऑर्डरी आल्या. आनि तुमी तर हितं न्हाय."

मी उठून बसलो.

"मी कॅलेंडरवर खुणा केल्यात," आक्का म्हणाल्या. "तुमी हितं असलासा की बरोबर. घरात असलासा की निम्मं. आज घरात असून बरोबर, पन लाईट न्हवती. साहेब, मला कॉम्प्युटरातलं काय कळत न्हाय, पन तुमच्या घरात काय चालू असतंय ते जरा बघा की."

बघितलं.

जोडणी पहिल्यांदा तपासताना मी निपाणीचं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवरही घातलं होतं. तोच पत्ता, तेच नाव, तोच पासवर्ड. लॅपटॉप चालू झाला की आपोआप चालू हो, अशी खूणही मीच केली होती. तपासणी झाली, ते काढायचं विसरलो. तेव्हापासून पेटीतून एक चिठ्ठी निपाणीचा कॉम्प्युटर उचलत होता आणि एक माझा लॅपटॉप! निपाणीला जाताना लॅपटॉप पिशवीत बंद, म्हणून तिथं माझा पायगुण. लॅपटॉपमधली ऑर्डरींची फाईल उघडली तर पाव न मिळालेल्या सगळ्या दुकानांची नावं तिथं. मिसळवाल्याचा पाव महिनाभर माझ्याच घरात पडून होता!

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या विसरण्यापायी एका बाईची वीस वर्षांची अब्रू जायची वेळ आली होती, आणि मी शाल पांघरून फिरत होतो. लाज वाटली, अगदी खरी लाज.

सकाळी निपाणी गाठली. आप्पांसमोर, सगळ्यांसमोर कबूल केलं आणि शाल आक्कांच्या हातात ठेवली. आप्पांनी आक्कांना हात जोडले. मी वाट बघत होतो, आता नोकरी जाणार.

आक्का शाल बघून म्हणाल्या, "शाल राहू दे माझ्याकडं, थंडीत भट्टीपाशी उपयोगी पडंल. पन साहेबांना काढू नका, आप्पा. जोडणी चांगलीच हाय त्यांची. जरा जास्तच चांगली हाय."

बघा! म्हटलं नव्हतं, एक टिंब चुकलं नव्हतं म्हणून? निपाणीला पण पोचली, खासबागला पण पोचली!

नोकरी राहिली. पायगुणही राहिलाय. परवा भीत भीत आप्पांकडे चार दिवसांची रजा मागितली. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"चार कशाला रं? आठ घे. फकस्त लॅपटॉप आक्कापाशी ठेवून जा."