न मोजलेलं पाणी

पोर्तो जाकारेत नवं लष्करी मुख्यालय आलं, तेव्हा अनाक्लेतोला वाटलं, ते आपल्यासाठीच आलं. एकोणतीस वर्षं तो रियो नेग्रो नदीवर होडी हाकणारा तांडेल होता. सरहद्दीवरच्या सात ठाण्यांना आजवर हुकूम यायचे दूरच्या शहरातून, आणि मीठ-पीठ यायचं त्याहून उशिरा. आता जनरल इथेच बसणार होता. सातही ठाण्यांचं धान्य, औषधं, माणसं इथूनच होडीने जाणार होती. त्यासाठी कायमचा तांडेल हवा होता. पहिल्या फेरीला जनरल स्वतः येणार. ती नीट पार पडली की जागा अनाक्लेतोची.

त्या फेरीच्या दिवशी नदीचं पाणी ओसरू लागलं होतं. पाण्याची खोली मोजायला त्याची मेहुणी झुरेमा काठी घेऊन होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभी राहिली.

"ठेव ती खाली."

"का, दाजी?"

"जनरल बघतोय. काठी नवशिके टाकतात."

"वाळू दरवर्षी सरकते."

"मला विचारून सरकते."

"यंदा विचारलं का तिने?"

त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. इस्त्रीचा सदरा, एक हात सुकाणूवर, दुसऱ्याने वळणांची नावं जनरलला सांगणं चालू. तिसऱ्या वळणावर होडी वाळूवर इतक्या शांतपणे चढली की मुक्काम आला समजून जनरलने टोपी घातली.

होडीतले एकोणीस जवान पाण्यात उतरले. पोती उतरवा, होडी ढकला, पोती चढवा. चार तास गेले. जवान हातांनी ढकलत आणि ओरडत. ओरडण्याने होडी हलत नाही. पाठ लावावी लागते. अनाक्लेतोने पाठ लावली, सदरा उसवला.

जनरल घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. "ही वाळू नवी का?"

हो म्हटलं की सुटका होती.

"असेल नवी. मी मोजलं नाही, साहेब."

"काठी नव्हती?"

"होती. तुमच्यासमोर टाकायची लाज वाटली."

जनरलने झुरेमाकडे पाहिलं. "तुम्हाला सुकाणू धरता येतं?"

"दाजींना झोप लागली की मीच धरते."

सातही ठाणी तिने गाठली. कायमची जागा तिला मिळाली, आणि मोजणीला अनाक्लेतो.

पुढच्या फेरीला, पहिल्याच वळणावर त्याने ऐटीत सांगितलं, "सात हात."

"पुन्हा टाका, दाजी."

त्याने पुन्हा टाकली. सहा होते.