तिचा होकार, माझा होकार

२००४ साली मी अमेरिकेतल्या माझ्या गावाहून, नेपरव्हिलहून, दूर अलास्कातल्या एका गावी गेलो होतो. आर्क्टिककडच्या लोकांत मधुमेह का वाढतोय, हे आमची अमेरिकन, कॅनेडियन आणि डॅनिश टीम शोधत होती. शाळेच्या जिममध्ये एक आजी माझ्यासमोर येऊन बसली.

"मासे रोज खाता?"

ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्पच. नुसत्या भुवया वर केल्या. शेजारची नर्स हसली. "अरे, हो म्हणतायत त्या. इथे हो असंच म्हणतात."

मी ओशाळून मान डोलावली, आपण डोलावतो तशी. आजीने कुतूहलाने विचारलं, "हे काय?"

"हेही होच. आमच्याकडचं."

ती खुदकन हसली आणि तिने स्वतः मान डोलावून बघितली.

रक्त दिल्यावर बाही खाली करत म्हणाली, "आधी आलेले लोक रक्त घेऊन गेले ते गेलेच. तू येशील ना, काय सापडलं ते सांगायला?"

मी मान डोलावली. तिने समाधानाने भुवया उंचावल्या.

पुढे फंडिंग संपलं. आमचा पेपर कोपनहेगनच्या परिषदेत वाचला गेला, टाळ्याही पडल्या. त्या गावी मात्र कुणीच गेलं नाही.

माझं मान डोलावणं तिला कळलं नसतं तर बरं झालं असतं.