पिवळ्या पट्टीचे दिवस

नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं रक्त तपासलं. रिपोर्ट पेशंटबरोबर घरी गेले, किस्से मात्र आमच्याकडेच साचत गेले! जुनी मंडळी भेटली की अजून निघतात.

* * *

नव्वदच्या आसपास आमच्याकडे ऑपरेशनआधी प्रत्येकाची हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून होणाऱ्या काविळीची, तपासणी सुरू झाली आणि आमचे डोळेच उघडले. चांगली धडधाकट माणसं पॉझिटिव्ह निघायला लागली! हर्नियासाठी आलेल्या एका आगरी काकांना सांगितलं, तर ते खाटेवरून उतरून उभेच राहिले.

"मना काय झालंय? मी आजून भाताची गोणी उचलताव!"

"म्हणूनच तर हर्निया झाला, काका!" सिस्टर म्हणाल्या.

* * *

अशा पेशंटच्या केसपेपरवर पिवळी पट्टी लागायची. हा आजार रक्तातून पसरतो, कपातून नाही, हे आमच्या आयाबाईंना कितीही सांगा. त्या पट्टीवाल्यांना चहा वेगळ्या कपबशीतच द्यायच्या. शेजारच्या खाटेवरचे ठाकुर्लीचे आजोबा भडकले.

"आम्हाला स्टीलचा पेला आणि यांना कपबशी? मलाही ती पिवळी पट्टी लावा!"

* * *

मग लस आली. आमच्या सर्जनसाहेबांच्या पत्नी, म्हणजे मॅडम, स्वतः एम.डी. त्यांनी सगळ्या स्टाफला समोर बसवून खडसावलं, "खडवलीहून आणलेली मंतरलेली माळ गळ्यात घालून कावीळ पळत नाही! लस घ्या!"

रांगेत पहिला आमचा मिशीवाला वॉर्डबॉय. धाडकन आडवा झाला. लस अजून बाटलीतच होती!

* * *

सर मात्र "पुढच्या आठवड्यात घेतो" म्हणत राहिले. आणि एकदा टाके घालताना, पिवळ्या पट्टीच्या पेशंटची सुई त्यांच्याच बोटात घुसली.

इंजेक्शनं लगेच दिली, पण खात्री व्हायला सहा महिने थांबायचं होतं. एरवी ऑपरेशन थिएटरमध्ये गाणी म्हणणारा माणूस, पण त्याची गाणी बंद झाली. सगळं माहीत असूनही बालवाडीतल्या लेकीला उचलून घेईना. आम्हाला फार वाईट वाटायचं.

शेवटचा रिपोर्ट मी पुन्हा पुन्हा बघितला. निगेटिव्ह! धावतच ओपीडीत गेलो. सरांनी खुर्चीत अंग टाकलं, मोठा श्वास सोडला आणि शर्टाचं वरचं बटण काढलं. माझे डोळे भरून आलेले, तरी गळ्यातली ती दिसलीच. खडवलीची माळ!

"बघतोस काय, राणे?" सर म्हणाले. "तुमच्या मॅडमनी बांधलीय. अंघोळीलासुद्धा काढू देत नव्हत्या!"