गाडी रिकामी नको

डॉक्टर म्हणाले, "यांना जरा बाहेरची हवा दाखवा." जणू पावसाळ्यात दमट झालेली गादीच. मी मान डोलावली. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि स्वतःच्या हुशारीबद्दल मला काडीची शंका नव्हती. पंधरवड्यात आमच्या दारात सेकंडहँड मारुती उभी राहिली. किरमिजी रंगाची. मागच्या काचेवर आधीच्या मालकाच्या पोरांनी चिकटवलेली स्टिकरं तशीच.

हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होते. त्या वर्षी ह्यांच्या शिफ्टला एक कामगार भाजला आणि मुंबईच्या इस्पितळात काही दिवसांनी वारला. ज्या व्हॉल्व्हपाशी तो भाजला, तो बघायला त्याला ह्यांनीच पाठवलं होतं. चौकशी झाली. चूक कुणाचीच नाही असं ठरलं. ह्यांचं मात्र तसं ठरलं नव्हतं. जेवायचे, कामावर जायचे, आल्यावर पेपर उघडून बसायचे. फक्त पेपरचं पान उलटत नसे.

तर सुट्टीच्या दिवशी आम्ही गाडी काढू लागलो. वरंधच्या बाजूचा रस्ता मी आधीच बाद केला, कारण तो कंपन्यांच्या अंगावरून जातो. उरला पोलादपूरचा, आणि तिथून वर आंबेनळीचा घाट. गाडीत कंपनीचं नाव काढायचं नाही, हा माझा दुसरा कायदा. मग मी बोलायची. कुणाची मुलगी कुणाला दिली, कुणाची सून कशी वागते, वाळवणातल्या पापडांचं काय झालं. महाडपासून पोलादपूरपर्यंत माझी टकळी चालू. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस न मिळालेल्या पोरीसारखी. हे मधूनमधून मान हलवत. मला वाटायचं, हवा लागू पडतेय.

गाडी अगदी सावकाश. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमायचे आणि शिव्या देत पुढे जायचे. घाट लागला की काचा खाली करायच्या, थर्मासमधला चहा आणि डब्यातले घावन खायचे. सगळं डॉक्टरांनी सांगितल्यासारखं. घाटात एक रुंद वळण होतं, तिथे हे गाडी थांबवत. खाली उतरत आणि कठड्यापाशी जाऊन उभे राहत. पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, माणूस डोंगर बघतोय. पुढे कधीतरी लक्षात आलं की हे डोंगर बघतच नाहीत. बघतात ते सरळ खाली. चहा गार झाला तरी हलले नाहीत, तेव्हा कठडा ह्यांच्या गुडघ्यापर्यंत येतो की कमरेपर्यंत, ते मी मोजू लागले.

आता कुणीही विचारेल, बाई, मग नवऱ्याला विचारलं का नाहीस? पण असं काही विचारलं की मनात नसलेलंही मनात येतं, अशी माझी पक्की समजूत. इतकी पक्की की ती कुठून आली हेही मला सांगता आलं नसतं. त्यातून मला गाडी चालवता येत नव्हती. ह्यांच्या शेजारी बसून मी घाटभर हँडब्रेककडे बघत असायची, आणि तो वर ओढतात की खाली हेही मला ठाऊक नव्हतं.

मग मला युक्ती सुचली. ह्यांचा स्वभाव शिफ्टचा. एखाद्याला पोचवायची जबाबदारी घेतली की वाटेत थांबणं नाही. म्हणजे घाटात गाडी रिकामी असता कामा नये. पोलादपूरला वरच्या वाड्यांतली माणसं बाजार करून जीप भरायची वाट बघत बसत. मी काच खाली करून एका म्हातारीला विचारलं, "आजी, कुठे जायचं?"

"वर वाडीवर. का गो?"

"या, बसा."

"पैसं नाय हाईत माज्याकडं."

"नकोत पैसे."

तिने मला पाहिलं, ह्यांना पाहिलं, गाडीला एक फेरी घातली. "मग तुला काय पायजे?"

काय सांगणार? म्हटलं, सोबत पाहिजे. तिला ते पटलं नाही, पण ती बसली.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी आमची वाट बघणारे वाढले. पेंडीची पोती आली, कोंबड्या आल्या, एकदा एका बाईचं बाळ माझ्या मांडीवर घाट चढलं आणि उतरताना माझी साडी ओली करून गेलं. मला काकड्या मिळायच्या, नाचणी मिळायची. एक जीपवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "वैनी, तुम्ही कंपनीवाले. पगार पुरत नाय काय?"

"आम्ही पैसे घेत नाही हो."

"त्येच तर. घेतलं असतं तर भांडलो तरी असतो."

 वळणावर मात्र गाडी थांबायची बंद झाली. डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगितलं, फरक आहे. सांगताना माझी मान केवढी ताठ होती. आज समोर असती ती बाई, तर तिची वेणी ओढली असती मी.

पावसाळा सरत आला होता त्या दिवशीची गोष्ट. घाटात धुकं. मागे तीच पहिली म्हातारी, दोन कोंबड्या आणि पेंडीचं पोतं. बाकी कुणी मिळालं नव्हतं. वळण आलं आणि ह्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. उतरून कठड्याशी गेले.

मी जागची हलले नाही. हललेच नाही.

"बिगडली का गाडी?" मागून म्हातारी.

"नाही."

"मग लगवीला गेलाय?"

"नाही, आजी. हवा खायला."

"हवा आतपन येतेय की." तिने बाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. "हाक मार गो तुज्या मालकाला. माजी करडं घरात बांदलेली हाईत, वरडत आसतील."

मी हँडब्रेककडे बघत राहिले.  तिनेच मग खिडकीतून डोकं काढून हाक मारली. हे वळलेसुद्धा नाहीत. तिने माझ्या पाठीत बोट खुपसलं. "जा गो. धुकं चडतंय, मी काय हितं रातभर बसू?"

मी गेले. एक चप्पल वाटेत राहिली. ह्यांच्या मागे जाऊन मी शर्ट पाठीवर मुठीत घट्ट धरला आणि इतके दिवस मनात दडपलेला प्रश्न विचारला. बाजारात भाव विचारावा तसा. "अहो, जीव द्यायचं मनात आहे का?"

 हे म्हणाले, "येतं मनात."

मी शर्ट सोडला नाही.

"म्हणून गाडीत माणसं भरतेस ना?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"कोंबड्या आल्या तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कंपनीचं नाव काढू देत नव्हतीस. माझ्याकडे दुसरं बोलायला काय होतं?"

मग ते बोलले. तिथेच, खाली बघतच. "तो म्हणाला होता, साहेब, चहा घेऊन जातो. मी म्हटलं, आधी बघून ये." एवढंच. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी आयुष्यात पहिल्यांदाच नुसती ऐकत होते. मागे हॉर्न वाजायला लागला. म्हातारी पुढच्या दोन सीटांमधून वाकून त्याच्यावर पंजा ठेवून बसली होती.

तिला वाडीवर सोडलं. तिने दोघांनाही एक एक शिवी हासडली आणि पोतं ओढत गेली.

पुढच्याच आठवड्यात आम्ही एसटीने वरंध घाटातून पुण्याला गेलो, मनाच्या डॉक्टरकडे. वाटेत कंपन्या लागल्या तेव्हा हे बोट दाखवून म्हणाले, "त्या उंच शेडच्या मागे." मी पाहिलं. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की विचारल्याने मनात येत नसतं, उलट विचारत जा. म्हणजे माझी पक्की समजूत गेली कचऱ्यात.

हे पुढे पुष्कळ वर्षं जगले आणि शेवटी साध्या म्हातारपणाने गेले. पण त्या पुण्याच्या खेपेनंतर सगळं छान झालं असं कुणी समजू नये. चांगले महिने यायचे, मग पुन्हा पान न उलटणारा पेपर. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी विचारायची, "आज मनात आहे का?" बहुतेक वेळा "नाही" म्हणायचे, मग गाडी काढायची, कधी माणसं घेऊन, कधी नुसतीच. "आहे" म्हणाले की गाडी जागेवर. कोपऱ्यावरच्या बूथवरून पुण्याच्या डॉक्टरांना फोन करायचा आणि दिवसभर ह्यांच्याजवळ थांबायचं.

एकदा सणाचा दिवस होता. पुरण शिजत होतं, माझे हात कणकेत. मी स्वयंपाकघरातूनच विचारलं. पेपरची घडी केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आहे." मी गॅस बंद केला, कणकेच्या हातांनीच बाहेर गेले आणि ह्यांच्या शेजारी बसले.