मोठा पंखा

मूल गावच्या बसस्टँडमागे ती शेतातल्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायची. माझ्या रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या बोटीचं चिमुकलं इंजिनही तिच्याकडेच असायचं. बोट पाण्याच्या टाक्यात सोडून, डोळे मिटून ती आवाज ऐकायची आणि बोटीला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्याची पाती कानशीनं घासत राहायची. जमलं की एवढंच म्हणायची, "आता इंजिन रडून नाई राह्यलं."

मी मोठा पंखा मागितला की हसायची. "इंजिनचा दम पाहून पंखा लावा लागते सर. तुमची हौस पाहून नाई."

शर्यतीच्या सकाळी मी तिला न विचारता मोठा पंखा बसवला. तलावाच्या मधोमध इंजिन धुरावलं आणि कायमचं जाम झालं. ती दुकान बंद ठेवून शर्यत पाहायला आली होती, माझ्या शेजारीच उभी होती. मित्रांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पंखा हिनंच लावला."

"पंपवाल्या बाईले काय समजते!" एक जण म्हणाला. सगळे हसले.

बोट काठावर आणल्यावर तिनं पंख्यावरून अंगठा फिरवला. तो तिनं घासलेला नव्हता. ती माझ्याकडे पाहत राहिली, मी बोलेन म्हणून. मी रिमोट बंद करून पिशवीत ठेवला.

"आता दुसऱ्या कोणाले दाखवा सर," ती हळूच म्हणाली आणि गावाकडची जीप पकडायला रस्त्याला लागली.

त्यातल्या दोघा मित्रांचे पंप तिच्याकडे असायचे. आता ते दुरुस्तीला ब्रह्मपुरीला नेतात. परवा त्यांनी कोणाला तरी त्याचं कारण सांगितलं, तेव्हा शेजारी बसून मीही मान डोलावली.